काळं उतरेपर्यंत

मुनीरेच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं नख इतर नखांपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढं लांब असायचं. काशानमधल्या आमच्या गल्लीत ते नख सगळ्या बायकांनी पाहिलेलं, पण त्याचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे केशर चिमटीत धरायला बरं पडतं, कुणी म्हणे नवऱ्याला बोचकारायला. मुनीरे हसून चहाचा पेला पुढे करायची. खरं कारण घराच्या मागच्या बाजूला, गाद्यागिरद्यांच्या कोठडीत, सगळ्यात वरच्या रजईच्या खोळीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

तिथे तिचा सेतार होता. नावावरून सतार समजू नका. सतारीपुढे हे अगदीच पोर वाटेल. तुतीच्या लाकडाचा उभ्या चिरलेल्या नासपतीच्या आकाराचा पोकळ भोपळा, हातभर लांब बारीक दांडी आणि चार तारा. दांडीवर आतड्याच्या दोऱ्याचे पडदे बांधलेले असतात आणि तारा छेडायच्या त्या फक्त तर्जनीच्या नखाने. आवाज इतका लहान की शेजारच्या खोलीतल्या माणसाने पाणी ओतलं तरी बुडून जावा. मुनीरेचे वडील बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद करून घरी आले की भिंतीकडे तोंड करून तासभर वाजवायचे. शिकवतानाही त्यांनी तिला तसंच बसवलं. म्हणायचे, "हे लोकांना ऐकवायचं वाद्य नाही, पोरी. जे कुणालाच सांगता येत नाही ते याला सांगायचं. भिंत ऐकते, पण चुगली करत नाही."

भिंतीबद्दल ते चुकले होते, पण ते पुढे कळलं.

एकोणिसाव्या वर्षी मुनीरेचं लग्न झालं ते रहमतशी. बाजारात त्याचं कापडाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. चांगला होता असं म्हणायलाही फारसा पुरावा नव्हता. वडिलांनी रुखवतातल्या जाड रजईची शिवण उसवली, कापसाच्या मधोमध सेतार ठेवला आणि रजई पुन्हा शिवून पाठवली. कारण रुखवताच्या दिवशी सासरच्या बायका एकेक वस्तू उलटसुलट करून बघतात आणि सासूबाईंना घरात वाद्य चालत नाही हे त्यांच्या कानावर आलं होतं. बायकांनी रजई दाबून पाहिली आणि म्हणाल्या, जरा टणकच भरली आहे.

या सासूबाईंना सगळं घर अजीज म्हणायचं. बुटक्या, गोऱ्या, करड्या डोळ्यांच्या, आणि घरातल्या सगळ्या पेट्यांच्या किल्ल्या गळ्यात दोरीला बांधून फिरणाऱ्या. रहमतला दुसऱ्याच आठवड्यात सेतार सापडला. त्याने तो उलटा करून पाहिला, मग म्हणाला, "वाजव हवं तर. पण अजीजच्या कानावर जाता कामा नये. आणि खिडकी लावून घे."

एवढी मुभा मिळाली, आणि मुनीरेचा जन्म त्या मुभेत गेला. दुपारचं जेवण झालं, भांडी झाली की सगळं काशान आडवं होतं. उन्हाळ्यात तर रस्त्यावर मांजरही दिसत नाही. रहमत दुकानात लवंडायचा, अजीज मधल्या खोलीत. मुनीरे स्वयंपाकघरात उभी राहून कान देऊन वाट बघायची. अजीजचं घोरणं सुरू झालं की कोठडीत जायची, दार लावायची, रजयांच्या ढिगाला टेकून सेतार मांडीवर घ्यायची. पाऊण तास, कधी तास. घोरणं थांबलं की हात थांबायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं हे तोंड दाबून गाणं होतं, पण होतं तिचं.

आणि ते गाणं कुठलं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मोठा मुलगा सियामक चार वर्षांचा असताना तिला पुन्हा दिवस गेले. आठव्या महिन्यात दवाखान्यात पोरगी झाली ती मेलेलीच. अशा मुलाचं आमच्याकडे काही करत नाहीत. तिसरा दिवस नाही, चाळिसावा नाही, दुखवट्याचं काळं नाही, हलवा नाही. रहमतने एका दुपट्यात गुंडाळून पुरून टाकलं आणि कुठे पुरलं ते सांगितलंही नाही. पाचव्या दिवशी अजीज दारात येऊन उभ्या राहिल्या. "पोटातलं होतं, पोटातच गेलं. ऊठ आता, भात टाक." मुनीरे उठली. भात टाकला. त्या दुपारी ती कोठडीत गेली आणि वडिलांनी शिकवलेलं काहीच तिला वाजवावंसं वाटेना. नख नुसतंच तारेवर फिरत राहिलं आणि दोन सूर सापडले.

त्या दोन सुरांपासून सगळं बनवायला तिला तीन वर्षं लागली. पहिल्या भागात ती वाट पाहत होती. दुसऱ्या भागात तो दवाखान्यातला दिवस. तिसरा भाग म्हणजे अंगाई, जी तिने त्या पोरीला म्हटली असती. तिला लिहून ठेवता येत नव्हतं आणि कुणाला ऐकवायचंही नव्हतं. ते सगळं बोटांत होतं, बाकी जगात कुठेच नाही. पोरीला कबर नव्हती, नाव नव्हतं. तिसरा भाग तेवढा होता.

तेवीस वर्षं ती तो रोज वाजवत आली. सियामक शिकून तेहरानला गेला, तिथेच लग्न करून राहिला. मुनीरेच्या केसांत पांढरं आलं. मग एका पानगळीत रहमत सकाळी दुकानात जाताना म्हणाला, दुपारी जेवायला येतो, आणि साडेअकराला कापडाच्या ताग्यांवरच पालथा पडला.

घर काळं झालं. आरशांवर चादरी गेल्या. बायका आल्या, हलवा ढवळला, खजूर वाटले. तिसऱ्या दिवशी रहमतची बहीण इफ्फत, जी दोन गल्ल्या सोडून राहते आणि जिला कुठल्याही घरातल्या कुठल्याही गोष्टीची आधी कुणकुण लागते, हिने मुनीरेचा हात हातात घेऊन कुरवाळला आणि एकदम थबकली.

"अगं वहिनी, हे नख! दुखवट्याच्या घरात असं नख?" आणि बायका बघताहेत तोवर पर्समधून नेलकटर काढून तिने ते कट्‌कन उडवलंसुद्धा. "हं. आता कसं."

 नवरा गेलेल्या बाईने नखासाठी रडायचं कसं? पण रडू आलं ते त्या क्षणी आलं, आणि बायकांना वाटलं रहमतसाठी आलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

काळं आपल्या हाताने उतरवता येत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. कुणीतरी वडीलधाऱ्याने रंगीत कापड आणायचं, खांद्यावर टाकायचं, 'आता पुरे झालं' म्हणायचं. मग माणूस काळ्यातून बाहेर येतं. स्वतःच उठून निळं-हिरवं नेसली तर ती बाई मोकाट. आणि काळं अंगावर असेतो घरात गाणं नाही, लग्नाला जाणं नाही, हातापायाला मेंदी नाही. चाळिसाव्याला इफ्फतचं उतरलं, सियामकचं उतरलं, पुतण्याभाच्यांचं उतरलं. विधवेला वर्षभर थांबावं लागतं. मुनीरे म्हणाली, वर्षच ना. वर्ष काय, निघून जाईल.

वर्षभर तिने सेतारला हात लावला नाही. लावायची सोयही नव्हती. रहमत गेल्यापासून अजीज दुपारी झोपेनाशाच झाल्या. मधल्या खोलीत माळ ओढत बसायच्या आणि दर पाच मिनिटांनी हाक. "मुनीरे, कुठे आहेस?" "इथेच आहे, अजीज." "काय करतेस?" "डाळ निवडतेय." मुनीरे खरंच डाळ निवडत असायची, आणि निवडून झाली की भाताच्या झाऱ्याचा दांडा डाव्या हातात धरून त्यावर बोटं ठेवायची. पहिला भाग. दुसरा भाग. तिसरा. आवाज नाही, तार नाही. बोटांनी विसरू नये एवढ्यासाठी.

वर्ष पुरं झालं त्या दिवशी इफ्फत दोन कापडं घेऊन आली. अजीजसाठी राखाडी, बारीक ठिपक्यांचं. मुनीरेसाठी निळं. पांढरी फुलं होती त्यावर, बदामाच्या फुलांसारखी. सगळ्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. इफ्फतने राखाडी कापड उलगडलं, आईच्या खांद्यावर टाकायला वाकली, आणि अजीजनी हाताने ते बाजूला सारलं.

"ठेव तिकडे."

"अजीज, वर्ष झालं. देवाची मर्जी होती, आता पुरे झालं."

"ज्याचं जातं त्याला कळतं. माझं काळं माझ्याबरोबर जमिनीत जाईल."

बायका च् च् करत राहिल्या. आईची माया म्हणतात ती हीच, असं एक म्हणाली. मुनीरे त्या निळ्या कापडाकडे बघत होती. इफ्फतने ते उचललं, क्षणभर हातात धरलं आणि पुन्हा घडी घातली. "थोरल्यांच्या आधी वहिनीचं कसं उतरवायचं? बरं नाही दिसत. आधी अजीजचं, मग हिचं." दोन्ही कापडं अजीजच्या पेटीत गेली. किल्ली गळ्यातल्या दोरीला होतीच.

झालं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात; मुनीरेचे आठही सासूचेच निघाले. त्या रात्री सियामकचा फोन आला. कोठडीतल्या सेतारचं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. "मामान, इकडे ये ना. एक खोली रिकामी आहे. तिथे हवं तेवढं वाजव, खालच्या मजल्यावरचे बहिरे आहेत." ती हसली. मग म्हणाली, "काळ्यात घर सोडून कशी येऊ, बाळा? ऐंशी वर्षांच्या सासूला टाकून पळाली म्हणतील." सियामक म्हणाला, म्हणू दे. त्याला म्हणायला काय जातं; तो तेहरानला राहतो.

दुसरा हिवाळा आला. दिवसभर पाय दुलईखाली आणि माळेचा आवाज. एका दुपारी मुनीरेने झाऱ्याचा दांडा धरला, पहिला भाग झाला, दुसरा झाला आणि बोटं थांबली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्याच्या टोकाला आली आणि पुन्हा तेच. पुढे पायरीच नव्हती. तिने झारा ठेवला, हात धुतले, पुसले, पुन्हा धरला. नाहीच.

"मुनीरे, कुठे आहेस?"

"इथेच आहे, अजीज!"

संध्याकाळी अजीज नमाजाला उभ्या राहिल्या तेव्हा ती कोठडीत घुसली. वरची रजई खाली ओढली, खोळ सोडली. सेतार हातात घेतल्यावर तरी बोटांना आठवेल. तारांना नख लावायचं नव्हतंच, नुसतं दाबून बघायचं होतं. पण कोरड्या हवेत पडद्यांचे दोरे सैल पडले होते, दोन तर सरकूनच गेले होते, आणि डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे मऊ पडले होते. तारा टोचल्या. तिसरा भाग आला नाही. ती रजयांमध्ये तोंड खुपसून बसली. सत्तावीस वर्षांपूर्वी ती पोरगी एकदा गेली होती तेव्हा निदान कुणीतरी 'भात टाक' तरी म्हणालं होतं. आता गेली तर विचारायलाही कुणी नव्हतं, कारण ती होती हेच कुणाला माहीत नव्हतं. असं मुनीरेला तेव्हा वाटलं.

नौरोज आला नि गेला. सगळी गल्ली नव्या कपड्यांत, आणि या घरातल्या दोघी काळ्यात. मग गुलाबांचे दिवस आले. कमसरहून गुलाबपाण्याच्या भट्ट्यांचा वास गावभर येत होता, आणि इफ्फत आपल्या सात महिन्यांच्या नातीला घेऊन आली. पोरगी किरकिरत होती. अजीजनी पाय लांब केले, दोन्ही नडग्यांच्या खाचेत उशी टाकली, उशीवर पोरीला आडवं केलं आणि पाय डावीउजवीकडे हलवत गुणगुणायला लागल्या.

मुनीरे स्वयंपाकघरातून चहाचं तबक घेऊन येत होती. दारातच तिचे पाय खिळले.

तो तिसरा भाग होता. शब्द नव्हते, नुसतं हं-हं करत, म्हाताऱ्या चिरक्या गळ्यातून, पण तोच. पहिली ओळ, तिचं वळण, खाली येणारा तो जिना. मधे एका ठिकाणी अजीज चुकीच्या सुरावर गेल्या आणि मुनीरेची डाव्या हाताची करंगळी तबकाखाली आपोआप सरकली. तिथे नाही, अर्धं बोट खाली. आणि त्या चुकीच्या सुरामुळे बरोबरचा आठवला, त्याला धरून पुढचा, त्याला धरून सगळाच. दोन मिनिटांत तो पूर्णच्या पूर्ण परत आला.

"काय बघत राहिलीस?" अजीज म्हणाल्या. "चहा गार होईल."

इफ्फत गेली तशी मुनीरेने दार लावलं आणि अजीजच्या समोर येऊन बसली. सासूसमोर अशी गुडघ्याला गुडघा लावून ती तेहेतीस वर्षांत बसली नव्हती.

"अजीज, मघाशी पोरीला काय म्हणत होतात?"

"अंगाई. आणखी काय?"

"कुणाची अंगाई?"

अजीजची माळ थांबली. "तुझी. त्या रजयांच्या कोठडीतली. माझ्या तोंडून काय ऐकायचंय तुला?"

"तुम्ही ऐकायचात?"

"भिंत आहे की किल्ला? एका विटेची भिंत. दुपारच्या उकाड्यात झोप कुणाला येते? डोळे मिटून पडायचे मी."

"पण तुम्ही घोरायचात!"

"मुद्दाम घोरायचे. नाहीतर तू सुरू करायची नाहीस."

मुनीरेला आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. इतकी वर्षं न्हाणीघराच्या फटीला कुणाचा तरी डोळा होता असं आज कळावं, तसं झालं. तिने पदर नसतानाही छातीवरचं काळं कापड ओढून घेतलं.

"ते कशाबद्दल आहे ते कळलं होतं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं?" अजीज खिडकीकडे बघत म्हणाल्या. "माझी दोन गेली होती तशी. रहमतच्या आधी एक, इफ्फतच्या नंतर एक. मला वाजवता येत नव्हतं, इतकाच काय तो फरक."

"मग मला भात टाक का म्हणालात?"

"मलाही तेच म्हणाले होते."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मुनीरेला राग यायला हवा होता आणि तो येत होता, पण त्याच्या पायात काहीतरी अडकत होतं. शेवटी तिने सरळच विचारलं.

"तुम्हाला सगळं माहीत आहे, तर माझं काळं का उतरवत नाही?"

"उतरवलं की तू सियामककडे जाणार. तू गेलीस की इफ्फत मला उचलून तिच्या घरी नेणार. तिथे दिवसभर टीव्ही बोंबलत असतो आणि भातात मीठ नसतं. मी नाही जायची."

"मी जाणार नाही म्हटलं तर?"

"सगळे असंच म्हणतात. रहमत काय म्हणाला होता? दुपारी जेवायला येतो." अजीजनी माळ पुन्हा सुरू केली. मग आवाज जरा खाली आणून, सौदा करणाऱ्या बाईसारख्या म्हणाल्या, "वाजवायला मी कुठे नको म्हणतेय? नख वाढव. दार लाव. रोज दुपारी वाजव. कुणाला कळतंय? पण काळ्यातच."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मुनीरेने तीन रात्री विचार केला आणि नख वाढवायला लागली.

नखाला वेळ लागतो. अजीज रोज सकाळी चहाबरोबर तिचा हात ओढून डोळ्यांजवळ न्यायच्या. "दाखव. अं हं. अजून आठवडा." भांडी घासताना टोक तुटलं तेव्हा अजीजच जास्त चिडल्या, त्या दिवसापासून खरकटी भांडी इफ्फतच्या कामवालीने येऊन घासायची असं ठरलं. इफ्फतला नख दिसलंच. "वहिनी, पुन्हा?" मुनीरे तोंड उघडायच्या आत अजीज म्हणाल्या, "मी सांगितलंय वाढवायला. माझी पाठ खाजवते ती."  पडद्यांचे दोरे मुनीरेने नव्याने बांधले, कान लावून एकेक जागेवर बसवले. डाव्या हाताची बोटं सोलवटून पुन्हा घट्ट झाली.

वैशाखासारखं ऊन भाजत होतं त्या दिवशी ती कोठडीत शिरली. मागोमाग अजीज आल्या, हातात तक्क्या. "सर जरा." आणि रजयांना पाठ लावून, पाय पसरून, डोळे उघडे ठेवून बसल्या. आता घोरायची गरज नव्हती.

मुनीरेने सेतार मांडीवर घेतला. वडील सोडले तर आयुष्यात तिने माणसासमोर वाजवलं नव्हतं. पहिला भाग वाजवला, धडपडत. अजीज मान डोलावत होत्या आणि एका वळणाच्या आधीच त्यांची मान तिकडे जात होती. त्यांना पुढचं ठाऊक होतं. मुनीरेला आपल्याच घरात कुणीतरी आपल्या आधी दार उघडून उभं आहे असं झालं. दुसरा भाग वाजवला. दवाखाना, पांढरी चादर, कुणी काही न बोलणं. अजीजनी डोळे पुसले. आणि मग पोरीची जागा आली, आणि मुनीरेने तळहात तारांवर ठेवून त्या बंद केल्या.

"पुढे?" अजीज म्हणाल्या.

तिच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती जी कुणाच्या परवानगीने, कुणाच्या नजरेखाली, कुणाच्या सोयीने केलेली नव्हती. निदान तिला तसं वाटत आलं होतं. ती आता हुकमावर वाजवायची, रोज दुपारी, तक्क्या टेकून बसलेल्या बाईसाठी? पेटीतलं कापड पेटीतच ठेवून?

"पुढचं काळ्यात आहे, अजीज."

"म्हणजे काय?"

"अजून दुखवट्यात आहे ते. त्या पोरीचं काळं कुणी धरलंच नाही तर उतरवणार कोण? मी आपल्या हाताने कसं उतरवू? कुणा वडीलधाऱ्याने कापड आणायला हवं. रीत तुम्हालाच ठाऊक."

 अजीजचा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला, किल्लीपाशी थांबला, मग खाली येऊन माळेवर बसला.

"हट्टी आहेस."

"तेहेतीस वर्षं तुमच्याच घरात मुरलेय."

"मी मेल्यावर वाजवशील?"

"तेव्हा ऐकायला तुम्ही नसाल."

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. रोज दुपारी दोघी कोठडीत जातात. मुनीरे दोन भाग वाजवते आणि थांबते. अजीज विचारतात, पुढे? मुनीरे म्हणते, काळ्यात. अजीज हट्टी म्हणतात, उठतात, आणि मग दोघी मिळून भाजी निवडतात. किल्ली जिथल्या तिथे आहे. सियामकने फोन करणं कमी केलं आहे. निळ्या कापडाला पेटीत कसर लागली असेल की नाही, हे मुनीरेने विचारणंही सोडलं. एकदा तिला वाटलं होतं की हार मानावी, वाजवून टाकावं. न वाजवल्याने पुन्हा विसरलं तर? आणि दुसऱ्या ज्या एका बाईला ते पाठ आहे ती ब्याऐंशी वर्षांची. पण नाही वाजवलं.

परवा दुसरा भाग संपला आणि मुनीरेने तारांवर तळहात ठेवला. अजीजनी त्या दिवशी 'पुढे' विचारलं नाही. त्यांनी डोळे मिटले, पाय लांब केले आणि नडग्या डावीउजवीकडे हलवायला लागल्या. पायांवर उशी नव्हती, पोर नव्हतं. मग त्या गुणगुणायला लागल्या. तिसरा भाग, पहिल्या ओळीपासून, चिरक्या आवाजात, हळूहळू. ती चुकीची जागा आली आणि त्या चुकल्या, नेहमीसारख्या.

मुनीरेने तळहात उचलला. तिच्या डाव्या हाताची बोटं दांडीवर चालायला लागली होती. अजीजच्या बरोबर, एकेका सुरावर, जिथे अजीज चुकल्या तिथे अर्धं बोट खाली. शेवटच्या सुरापर्यंत एकही जागा सुटली नाही. उजव्या हाताचं नख तारेच्या अगदी जवळ होतं. ते तिने तारेला लावलं नाही.